चूक दाखवणाऱ्या बाई

टायपिंग संपलं की बाई दोन्ही हात कीबोर्डवरून एकदम वर उचलायच्या आणि तळवे आमच्याकडे करायच्या. घासलेलं ताट फळीवर ठेवण्याआधी बायका जसं एकदा उजेडाला धरून बघतात, तसे ते तळवे दोन क्षण हवेत राहायचे. मग त्या म्हणायच्या, "झालं. चूक दाखवा."

चूक नसायचीच. पहिल्या महिन्यात मी प्रामाणिकपणे शोधायचो. नंतर नुसता पडद्याकडे बघून मान हलवायचो. बाईंना ते चालायचं नाही. "बघितल्याशिवाय मान हलवू नकोस, साहेब," असं म्हणायच्या. त्या मला साहेब म्हणत आणि अरेतुरे करत. मी चोवीस वर्षांचा, गिरगावातल्या वाडीतून नुकता नोकरीला लागलेला. त्या चाळिशीच्या, लालबागच्या चाळीतल्या. एवढं अंतर असलं की माणसाला दोन्ही गोष्टी एकदम करता येतात.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुकानात पुडी बांधताना दोऱ्याची गाठ दोनदा ओढणारी, जिना उतरल्यावर कुलूप बघायला परत वर जाणारी. बाईंचं तसं नव्हतं. त्या परत कधीच बघत नसत. बघायचं काम त्या दुसऱ्याला देत आणि तो काय करतो ते कुतूहलाने न्याहाळत बसत.

गिरण्यांच्या संपाआधी त्या एका मिलच्या हेड ऑफिसात पंच ऑपरेटर होत्या. कामगारांच्या पगाराची कार्डं भोकं पाडून तयार करायची, मग तपासणाऱ्या मुलीने तेच सगळं पुन्हा टाइप करून ताडून बघायचं. "माझा गठ्ठा आला की ती पोरगी डोळे मिटून बोटं चालवायची," हे त्या अभिमानाने सांगत. संपात मिल बंद पडली, ऑफिस बंद पडलं, आणि बऱ्याच वाटा तुडवत बाई आमच्याकडे आल्या.

आमचं ऑफिस परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत होतं. खाली रबरी शिक्के करणारा, समोर बिस्किटांच्या डब्यांवर रंग मारणारा, आणि वर आम्ही. परदेशातल्या एका गिऱ्हाइकासाठी आम्ही डीबगर तयार करत होतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याला स्वतःच्या प्रोग्राममधली चूक सापडावी म्हणून वापरायचा हा दुसरा प्रोग्राम. काळ्या पडद्यावर हिरवी खूण लुकलुकते आणि तुम्ही टाइप करून हुकूम सोडायचे: इथवर चाल, इथे थांब, मेमरीच्या या खणात काय आहे ते दाखव. आता चुका शोधणाऱ्या या प्रोग्राममध्येही चुका असायच्याच. त्या शोधायला बाई होत्या. आम्ही कुठे काही बदललं की त्या बसून सगळे हुकूम पहिल्यापासून टाइप करायच्या आणि उत्तरं बरोबर येतात का ते बघायच्या. एवढंच काम. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

आणि माझं काम होतं, बाईंच्या जागी टाइप करणारा प्रोग्राम लिहिणं.

हे मी इतक्या सरळ शब्दांत तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. साहेबांनी, म्हणजे आमच्या खऱ्या साहेबांनी, त्याला 'चाचणीचं यंत्रीकरण' असं भारदस्त नाव दिलं होतं. त्या नावामागे मी काही दिवस लपून बसलो. बाईंनी मात्र पहिल्याच आठवड्यात विचारलं, "ही माझी सवत ना रे? कधी येणार कामावर?"

मी खाली बघून कीबोर्ड पुसू लागलो.

"अरे, तोंड कशाला पाडतोस? सवत आणणाऱ्याने निदान ती दिसते कशी ते तरी सांगावं."

मग मी सांगितलं. सांगताना माझी लाज मागे पडली, कारण बाईंसारखं ऐकणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. मुख्य अडचण अशी होती की डीबगर आधी समोर माणूस बसलाय का ते बघायचा. खरा टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड, जोडलेला असेल तर तो खूण दाखवायचा, 'पुढे काय?' असं विचारायचा, चुकलं तर तसं सांगायचा. हुकूम नुसतेच कुठल्या फाइलमधून येत असतील तर तो वेगळाच वागायचा. खूण नाही, बोलणं नाही, निमूट काम. म्हणून मला एक नकली टर्मिनल करावा लागणार होता, समोर कुणीतरी बसलंय असं डीबगरला भासवणारा.

बाई गालावर हात ठेवून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखंच. पाहुणे असले तर चार शब्द बोलतात. मी एकटी असले की भिंत."

त्यांच्या यजमानांबद्दल मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. पुढे कळत गेलं. ते साचेवाले होते, मिलच्या विणखात्यात साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे. संप सुरू होऊन बरीच वर्षं उलटली होती, पण तो मिटला असं कुणी कधी जाहीर केलं नव्हतं, आणि हीच त्यांची अडचण होती. मिल सुरू होईल, बोलावणं येईल, आणि आपण दुसरीकडे कुठे अडकलेले असू तर आपल्या साच्यावर भलताच कुणी उभा राहील, या धास्तीने ते कुठलंही दुसरं काम धरत नव्हते. गावी जात नव्हते. चाळीच्या गॅलरीत बसून राहायचे. "वाण्याकडे जायचं तरी शेजारच्याला सांगून जातात," बाई म्हणाल्या. "कुणी आलं तर मी खालीच आहे म्हणून सांग. कोण येणार आहे, सांग मला?"

मग म्हणाल्या, "माझं काय रे, माझी बोटं कुठेही चालतील. सवत आली तरी मला भीती नाही. ह्यांना एकदा त्या गॅलरीतून उठवायचंय."

सवत आली. माझा प्रोग्राम हुकूम पाठवायचा, उत्तर आलं की ताडून बघायचा आणि पुढचा पाठवायचा. पडद्यावर अक्षरं आपोआप उमटायची. बाई शेजारी खुर्ची ओढून बघत बसायच्या. त्यांचं दिवसभराचं काम तिने चहाच्या वेळात संपवलं त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना. त्या मात्र पडद्याजवळ वाकून म्हणाल्या, "फार सभ्य आहे रे ही. समोरच्याचं बोलणं संपल्याशिवाय तोंड उघडत नाही. अशी बाई मी बघितली नाही."

तो विनोद नव्हता, दुखण्याचं निदान होतं. कारण थोड्याच दिवसांत परदेशातून तक्रार आली. आमच्या सगळ्या चाचण्या पास होत होत्या आणि तिकडे लोकांच्या हातात डीबगर कोसळत होता. साहेब चिडले. "लोक काय तुझ्या प्रोग्रामसारखं टाइप करतात का? लोक चुकतात! चाचणीत चुका घाल!"

चुका कुठून आणायच्या? मी माझ्या मनाने घातल्या. पण मला डीबगर आतून माहीत होता. माझ्या चुकाही त्याला आवडतील अशाच व्हायच्या. मग मी बाईंना बसवलं आणि म्हटलं, "आज मुद्दाम चुका."

तो दिवस मी विसरणार नाही. बाईंना चुकता येईना. त्या ठरवून एक अक्षर चुकीचं मारायच्या, आणि बोट आपोआप मागे जाऊन ते खोडायचं. मग वैतागून पुन्हा मारायच्या. थोड्या वेळाने बघितलं तर त्यांनी प्रत्येक हुकमातलं तिसरं अक्षर चुकवलं होतं. एका ओळीत, टाके घातल्यासारखं.

"हे काही खरं नाही," त्यांनी हात उचलले. तळवे दाखवले नाहीत, मांडीवर टाकले. "उभा जन्म चूक होऊ नये म्हणून गेला. आता म्हणतोस, कर." मग त्यांची नजर खिडकीकडे गेली आणि तिथेच राहिली. एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवताना माणूस बघतं तशी. "साहेब, चुका करणारा माणूस मी आणला तर चालेल?"

"कोण?"

"त्याला यातलं काहीच येत नसलं तर उत्तमच ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या यजमानांना घेऊन आल्या. काय सांगून आणलं होतं देव जाणे. ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते आणि दाराबाहेर चपला काढून, कुणी आत बोलावेपर्यंत उभेच राहिले. उंच, वाकलेले, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. बाईंनी त्यांना टर्मिनलसमोर बसवलं. मी माझा नोंद घेणारा प्रोग्राम सुरू केला. कुठली कळ कधी दाबली, मध्ये किती वेळ गेला, सगळं टिपून ठेवणारा. बाकीची मंडळी मागे जमली. चुका करायला आणलेला माणूस कोणाला बघायचा नसतो?

"माका ह्यातला काय येवचा नाय हां," ते बाईंना हळूच म्हणाले.

"यायला नकोच," बाई म्हणाल्या. "मनाला येईल ते दाबा."

त्यांनी बराच वेळ काहीच दाबलं नाही. मग डाव्या हाताचं बोट नेमकं वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या कळीवर ठेवलं आणि दाबलं. ती एस्केपची कळ. तीच का, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले, साचा थांबवायचा दांडा डाव्या अंगाला असतो. नव्या मशीनवर उभं राहिलं की आधी ती थांबते कुठे ते बघून ठेवायचं. दाबल्यावर त्यांनी साचेवाला जे करेल तेच केलं. हात काढून घेतले आणि मशीनकडे बघत राहिले. थांबली का, सुताची तार कुठे तुटली का.

पडदा गप्प. तेही गप्प. मागे कुणीतरी खोकलं.

शेवटी त्यांनी एका कळीकडे बोट दाखवून बाईंकडे वळून विचारलं, "ह्या गोल दाबू काय गो?"

"दाबा," बाई म्हणाल्या.

त्यांनी ओ दाबला. काही उमटलं नाही. पुन्हा दाबला. मग उजवीकडची मोठी कळ, एंटरची, दोन-चारदा. आणि पडदा एकदम चित्रविचित्र खुणांनी भरून गेला, गदगदला, आणि डीबगर कोसळला.

"पडला! पडला!" आम्ही ओरडलो. कुणी टाळ्या वाजवल्या. मीही. आठवडाभर जे आम्हाला जमलं नव्हतं ते या माणसाने दोन बोटांत केलं होतं.

ते ताडकन उठून उभे राहिले होते. त्यांचे हात जोडलेले होते. आमच्या टाळ्या त्यांना दिसतच नव्हत्या, किंवा दिसत होत्या आणि त्यांनी त्यांचा भलताच अर्थ लावला होता. मिलमध्ये कापड खराब निघालं की ते सगळ्यांसमोर साचेवाल्यापुढे टाकत, हे मला नंतर कळलं. ते माझ्याकडे बघून, शक्य तितक्या शुद्ध मराठीत म्हणाले, "साहेब, चूक माझी. हिच्या पगारातून काय कापू नका."

टाळ्या थांबल्या. माझे हात कुठे ठेवावेत ते मला कळेना. आजही ते जोडलेले हात आठवले की माझे तळवे गरम होतात.

बाई मध्ये आल्या. त्यांनी यजमानांच्या दंडाला धरून त्यांना परत खुर्चीवर बसवलं आणि घरी बोलतात त्या भाषेत, आमची पर्वा न करता, म्हणाल्या, "तुम्ही नाय मोडलात. ता आधीच मोडलेला होता. ह्या सगळ्यांका दिसत नव्हता. तुम्ही दाखवलात."

ते पडद्याकडे बघत राहिले. "आधीच मोडलेला?"

"आधीच."

"आणि माका आणल्यानी ता कित्याक?"

"मोडूक."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही, पण काहीतरी हललं. ते खाली वाकून टर्मिनलच्या मागच्या वायरी बघू लागले.

आता चूक पकडायची होती. मी नोंदलेल्या कळा माझ्या प्रोग्रामला दिल्या आणि सवतीला सांगितलं, जसंच्या तसं टाइप कर. तिने केलं. डीबगर पडला नाही. पुन्हा केलं. नाही पडला. मी डोकं धरून बसलो.

"ते थांबले होते," बाई मागून म्हणाल्या.

मी मधला वेळ काढून टाकला होता. थांबणं म्हणजे वेळ फुकट, असं मला वाटत होतं. तो परत घातला, आणि डीबगर धाडकन पडला.

कारण असं होतं. बाणाची कळ दाबली की कीबोर्ड एक नाही, पाठोपाठ तीन खुणा पाठवतो, आणि त्यातली पहिली नेमकी एस्केपची असते. डीबगरला एस्केप दिसलं की तो धरून चालायचा, बाण येतोय. आणि उरलेल्या खुणांची वाट बघत बसायचा. नुसतं एस्केप दाबून कुणी स्वस्थ बसेल हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. लगोलग आलेल्या भलत्या खुणा तो टाकून द्यायचा, पण वाट बघत बसून राहिलेल्या डीबगरला मग जे मिळेल ते तो बाणाचा तुकडा समजून गिळायचा, आणि गिळता गिळता गुदमरायचा.

मी हे बाईंना समजावलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तो ह्यांची वाट बघत होता. आणि हे त्याची."

"हो."

"मग आता काय करणार?"

"थोडाच वेळ वाट बघायची. तेवढ्यात काही आलं नाही तर समजायचं, येणार नाही. आणि आपलं पुढचं काम सुरू करायचं."

"थोडाच म्हणजे किती?"

"अर्धा सेकंद."

"इतकंच?" त्यांनी विचारलं. मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत.

चाचणी कायमची ठेवायची तर तिला नाव हवं होतं. मी विचारलं, यजमानांचं नाव देऊ? बाईंनी पदर सावरला. "नाव कसलं घ्यायला लावतोस मला? घरचे, असं लिही." तेच नाव राहिलं.

यजमान त्यानंतरही येत राहिले. रोज नाही, पण येत. आल्यावर आधी वायरी बघायचे, मग बसायचे. त्यांच्या चुकांनी आम्हाला आणखी एकदोन भोकं सापडली. मग एक दिवस त्यांनी एक पूर्ण हुकूम बरोबर टाइप केला, उत्तर आलेलं बघितलं, आणि बाईंकडे न बघता दुसरा केला. साहेब माझ्या कानात म्हणाले, "हे आता आपल्या उपयोगाचे राहिले नाहीत." बाईंना मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी मला पाठीत धपाटा घातला, इतका आनंदाने की माझा चहा सांडला.

मग ते यायचे बंद झाले. मी भीत भीत विचारलं. बाई म्हणाल्या, "काळाचौकीला एका गाळ्यात लागलेत. भरतकामाची मोठी मशीन आहे, पडद्यावर आकडे दाबायचे. दोरा तुटला की थांबवायची."

"तुम्ही समजावलंत?"

"मी कोण समजावणार? तेच एकदा जेवताना म्हणाले, त्या तुमच्या मोडलेल्या मशीनचं पुढे काय केलं? मी सांगितलं, आता थोडाच वेळ वाट बघते. किती, म्हणाले. मी सांगितलं." बाईंनी चहाचा घुटका घेतला. "भात संपवला. हात धुतला. मग म्हणाले, बरा केल्यानी."

तुम्ही म्हणाल, एवढ्याने माणूस उठतो का? मला ठाऊक नाही. कदाचित ते आधीच उठायला तयार होते आणि बाईंना ते दिसलं होतं. मी ऐकलं तेवढं सांगतो.

सवतीने बाईंचं काम पुरतं घेतलं. बाईंना कुणी काढलं नाही. त्यांना माहितीपुस्तकं टाइप करायला दिली. पण तिथे पडदा उलट बोलत नव्हता, आणि त्यांचं मन लागेना. ऑफिस उपनगरात हलायचं ठरलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी आता लालबागच्या बाहेर नाही येत, साहेब," आणि गेल्या. मी खूप दिवस त्यांच्या जाण्याचा दोष स्वतःकडे घेत राहिलो. त्यांनी तो मला कधी दिला नव्हता, म्हणून तो परतही करता येत नव्हता.

मध्ये पुष्कळ वर्षं गेली. हिरवे पडदे गेले, माझे केस गेले. डीबगर मात्र राहिला, आणि त्याच्या चाचण्याही. नवी मुलं अधूनमधून तक्रार करत की 'घरचे' नावाची एक चाचणी मध्येच कशासाठी तरी थांबते, तो वेळ काढून टाकू का? मी म्हणायचो, तेवढं सोडून काहीही काढा.

गेल्या पावसाळ्यानंतर बाई आल्या. एकट्या, पत्ता विचारत विचारत. केस पांढरे, पाठ तशीच ताठ. पाणी प्यायल्या, ऑफिसभर नजर फिरवली, आणि म्हणाल्या, "हे वर्षापूर्वी गेले. झोपेत गेले, त्रास नाही झाला." मग सहज आठवल्यासारखं, "साहेब, ती सवत आहे का रे अजून?"

मी माझ्या शेजारी त्यांना खुर्ची दिली आणि 'घरचे' सुरू केली.

पडदा उघडला, खूण लुकलुकली. कुठेतरी एस्केप दाबलं गेलं. ते दिसत नाही. मग तो थांबण्याचा वेळ आला. खूण लुकलुकत राहिली. पलीकडची मुलं जेवणाबद्दल काहीतरी बोलत होती. बाई पडद्याकडे बघत होत्या, मान किंचित तिरकी, जशी त्या दिवशी खुर्चीमागे उभ्या राहून केली होती.

"दाबा," त्या म्हणाल्या.

पडद्यावर एक गोल उमटला. मग आणखी एक. मग मोठ्या कळीच्या ओळी सरकल्या, डीबगर कुठेही न अडखळता पुढे गेला, आणि खाली एक शब्द आला: पास.

बाईंनी मांडीवरचे दोन्ही हात वर उचलले, तळवे पडद्याकडे केले आणि क्षणभर तसेच धरले.

"झालं," म्हणाल्या. पुढचं म्हणाल्या नाहीत.